अकरावा उंबरा

तळ्याच्या बांधावर एक फलक लागलाय. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, वर कमळाचं चित्र. आमच्या तळ्यात कमळ उगवलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. चित्राखाली वस्तीचा इतिहास लिहिलाय आणि त्यात एक वाक्य आहे, 'येथील दहा घरांच्या कर्त्या पुरुषांनी गाळपेराची जमीन समंजसपणे वाटून घेतली.' मी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तळपायाची आग मस्तकात गेली.

घरं दहा नव्हती, अकरा होती. वाटणी पुरुषांनी केली नव्हती. आणि समंजसपणा! तो कसा होता ते मला विचारा. त्या समंजसपणाचं एक टोक माझ्या या खांद्यावर होतं.

लेकाला म्हटलं, हे सगळं खोटं लिहिलंय. तो म्हणाला, "आई, कुनाला काय करायचंय आता? फोटो काढायला मान्सं येत्यात, वाचत्यात, जात्यात." बरोबर आहे. आजवर आमच्या वस्तीत जे जे खोटं चाललं ते याच बोलण्यावर चाललं. मी चौथी शिकलेली बाई आहे, वयाची ऐंशी ओलांडलीय आणि जिला मी घाबरावं असं माणूस आता उरलेलं नाही. म्हणून लिहिते.

माझं माहेर कुंडलकडचं, मोटांच्या काळ्या रानातलं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन मी विट्याच्या अलीकडच्या या वस्तीवर आले. बापानं लांबून भरलेलं तळं बघितलं आणि घरी येऊन आईला सांगितलं, "पोरीला पान्याला तोटा न्हाई." पाणी कोणाचं, हे काही त्यानं विचारलं नाही. तळ्याचं पाणी बांधातल्या मोरीतून पाटाला लागायचं आणि खालच्या गावांच्या उसाला जायचं. आमची अकरा घरं वर माळावर. तिथं कुसळं उगवायची आणि पाऊस बरा झाला तर थोडी बाजरी. डोळ्यांसमोर एवढं पाणी आणि हंडा भरायला तेवढा आपला. पहिल्या वर्षी मला या गोष्टीचा इतका संताप यायचा की मी तळ्याकडं पाठ करून भांडी घासायची.

आमचं मूळ गाव त्या पाण्याच्या पोटात होतं. गाव म्हणजे तरी काय, ओढ्याकाठची हीच अकरा घरं. फार पूर्वीच्या एका दुष्काळात सरकारनं बांधाचं काम काढलं. खायला काही नव्हतं म्हणून गावातली झाडून सगळी माणसं त्या कामावर गेली. खडी फोडली, माती वाहिली, आणि ज्या बांधावर त्यांनी माती टाकली त्याच बांधानं पुढच्या पावसात त्यांची घरं बुडवली. सासूबाई हे हसत सांगायच्या. "पोटाला पायजे हुतं गं. आमच्या सासऱ्यानं सोताच्या दारात पानी आनलं," म्हणायच्या. मला कधी हसू आलं नाही. त्या हसण्याचाही राग यायचा.

पण त्या पाण्यानंच पुढं एक गोष्ट दिली. थंडीपासून पाट चालू झाला की तळं उतरायला लागतं. पाणी मागं सरकतं तसा ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळाला नांगर लागत नाही, खत लागत नाही, वरून पाणी लागत नाही. हातानं बी टोकत जायचं. आज पाणी जिथवर सरकलं तिथवर आज, चार दिवसांनी आणखी खाली. वरच्या ओळींना हरभऱ्याचे घाटे धरलेले असायचे, मधल्या फुलात आणि पाण्याजवळच्या नुकत्या उगवलेल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला काकडी, भोपळा, मका. याला गाळपेर म्हणतात. वस्तीची वर्षाची निम्मी भाकरी तिथनं यायची.

आता त्या गाळात कोणाचा पट्टा कुठला, हे कसं ठरायचं? तिथं ना बांध, ना दगडाची हद्द, आणि दरवर्षी वरून नवा गाळ. आमच्या माणसांनी त्याची एक रीत घातली होती. ती मी दुसरीकडं कुठं ऐकली नाही. ज्याचं जुनं घर जिथं बुडालं, तिथला त्याच्या घराचा उंबरा धरायचा. उंबऱ्याचे दगड कोणी उचलून आणले नव्हते, ते तळाशी तसेच होते. आपल्या उंबऱ्यापासून खाली ओढ्याच्या खोलीकडं आणि वर माळाकडं जेवढं रान येईल तेवढा त्या घराचा पट्टा. आणि पेरणीच्या आधी त्या घरच्या बाईनं आपल्या उंबऱ्यावर बसून एक भाकरी खायची. एरवी उंबऱ्यावर बसून खाल्लं तर सासू फडकं मारेल. पण त्या दिवशी ते खायलाच पाहिजे, त्याशिवाय मुठीतलं बी सोडायचं नाही. घर बुडालंय पण उठलेलं नाही, हे पाण्याला कळायला पाहिजे, असं सासूबाई म्हणायच्या. बहुतेक वर्षी पेरणीच्या वेळी उंबरे पाण्याखालीच असायचे. मग बाई कमरेएवढ्या पाण्यात जाऊन, पायाखाली दगड चाचपून, त्यावर उभी राहून भाकरी खायची.

पाण्याखालचा तो दगड सापडायचा कसा? ते आक्काला माहीत होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. रंगानं सावळी, हाडापेरानं मोठी, पूर्वेच्या दुष्काळी मुलखातली. तिच्या माहेरी मेंढरं होती आणि वर्षातले आठ महिने घर पाठीवर. कदाचित म्हणूनच तिला खुणा धरता यायच्या. मोरीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं, माळावरच्या देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खिंड एका रेषेत धरायची आणि त्या रेषेत पाण्यात चालत सुटायचं. अकरा घरांच्या अकरा रेषा. कुठं वाकडी बाभळ, कुठं खिंड, कुठं देवळाचा कोपरा. सासूबाईंनी त्या तिला शिकवल्या होत्या, सासूबाईंना त्यांच्या सासूनं. पुरुषांना त्यातलं काही येत नव्हतं आणि त्यांना शिकायचंही नव्हतं. चिखलातलं काम बायकांचं, असं ते म्हणायचे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तसे आमच्या वस्तीतले गडी पलटणीत जायला लागले. दोन वर्षांत वस्तीवर म्हातारे, बायका आणि पोरं तेवढी राहिली. माझे थोरले दीर पायदळात गेले, माझा नवरा सफरमैनेत, पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीत. मालक म्हणायची रीत होती, इथं मात्र मी नवराच म्हणणार. ही चार-पाच वर्षं वस्तीची सगळी गाळपेर आक्कानं चालवली. दर हंगामाला ती बाकी दहा घरच्या बायकांना घेऊन पाण्यात उतरायची, एकेकीला तिच्या दगडावर उभी करायची आणि तिथं खुंट ठोकायची. दोरीचं दुसरं टोक धरून मी तिच्यामागं. पाणी इतकं गार असायचं की दात वाजायचे. जुन्या गावाची विहीर गाळानं काठोकाठ भरली होती आणि वरून काही म्हणजे काही कळायचं नाही. तिथं ती आधी जाऊन बाभळीची फांदी रोवायची, म्हणजे कोणी पाय टाकू नये. सगळ्यांचं झालं की शेवटी स्वतःच्या दगडावर जायची. भाकरी काढायची, मोडायची आणि अर्धी मला द्यायची. "धर. दोरी धरणारनीचा वाटा आस्तोय," म्हणायची. तसा वाटा रीतीत कुठंच नव्हता, तिनंच काढला होता. आम्ही दोघी पाण्यात उभ्या राहून खायचो. त्या पाच वर्षांत एकदाही भांडण झालं नाही, एका वितीचं सुद्धा नाही. फलकावर लिहायचंच असेल तर हे लिहा.

स्वतःचा दगड म्हटलं ते का, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माझ्या सासऱ्यांच्या चुलतभावाला मूल नव्हतं. त्यांनी माझ्या थोरल्या दिरांना दत्तक घेतलं. ते चुलते, त्यांची बायको पुढं वारले. दीर आणि आक्का आमच्याच घरात, आमच्याच चुलीवर राहिले, पण अकरावा उंबरा त्यांचा. गावाच्या मधोमधचा. तिथं पिढ्यान् पिढ्यांचं शेणकूट, राख पडलेली. त्या पट्ट्यात मक्याचं कणीस कोपराएवढं यायचं. दत्तकविधान पाच माणसांदेखत झालं होतं, कागद मात्र कुणी केला नव्हता.

लढाई संपत आली तेव्हा तार आली. दीर ब्रह्मदेशात कामी आले. आक्काच्या पदरात एक लेक. आठ दिवस ती घरातच होती आणि नवव्या दिवशी उठून हरभरा खुडायला गेली. मी तिच्यामागं गेले. मला म्हणाली, "माज्याकडं बघत बसू नगंस. ओळ धर तू."

मग गडी परत आले. माझा नवराही आला. अंगात खाकी, पायात बूट, आणि तोंडात सारखं मेजरसाहेब असं म्हणायचे आणि मेजरसाहेब तसं म्हणायचे. त्यानं पूल बांधले होते, रस्ते आखले होते, मोजणी त्याला येत होती. हे खरं आहे, मी त्याचं उणं सांगत नाही. तो एक दिवस बांधावर उभा राहिला, आक्कानं ठोकलेले खुंट बघितले आणि हसला. म्हणाला, "ह्या कसल्या वाकड्यातिकड्या रेघा? ह्याला मोजमाप म्हंत्यात व्हय?" दोन दिवसांत त्यानं काठावरून दोरी लावून, फक्की टाकून सरळ रेघा मारल्या. बाकीचे गडी कौतुकानं बघत होते. एक बाई आपली रानं पाच वर्षं वाटत होती याची त्यांना लाज वाटत होती, ती लाज फिटली.

आणि त्यानं पट्टे केले दहा.

आक्कानं विचारलं, "भावजी, आमचा कुटं हाय?"

तो म्हणाला, "वैनी, तुमचा-आमचा काय येगळा हाय का? एक चूल, एक घर. आमी काय तुमाला टाकून दिनार हाय?"

बघा, बोलणं किती गोड. याच्यावर बाईनं काय बोलायचं? नाही म्हणावं तर ती घर फोडणारी. सासूबाई तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. रेषा त्यांनीच शिकवल्या होत्या, दत्तकविधानाला त्या स्वतः हजर होत्या, पण पलटणीतून जिवंत आलेल्या लेकापुढं त्यांना दुसरं काही दिसेना. त्यांना जाऊन आता किती वर्षं झाली, माझ्या मनातून ते जात नाही.

आक्का मात्र गप्प बसणारी नव्हती. त्या साली सरकारनं ठरवलं की गाळपेराच्या जमिनी यापुढं नावावर लावून द्यायच्या. पाटाचे साहेब यादी करायला आले तेव्हा सगळे गडी चावडीत गोळा झाले. आक्का डोक्यावरचा पदर पुढं ओढून आत गेली आणि म्हणाली, घरं अकरा हायती, अकरावा उंबरा माजा हाय. साहेब पोक्त माणूस होता. त्यानं दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "बाई, तोंडी मी काही लिहिणार नाही. चैत्रात पाणी खाली जाईल. मी स्वतः येतो. तिथं उंबरा असेल तर घर होतं असं धरीन आणि तुमचं नाव लिहीन. नसेल तर नाही." याहून सरळ न्याय कोणी करत नाही. आक्का घरी आली ती हसत आली. तार आल्यानंतर ती मला पहिल्यांदा हसताना दिसली.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, पाणी झपाट्यानं उतरत होतं. आक्का रोज सकाळी जाऊन बघायची. आज बुडालेल्या जुन्या देवळाचं जोतं दिसलं. आज पाटलाच्या घराचा उंबरा उघडा पडला. मग एका दिवशी तिचा. मीही गेले होते बरोबर. काळा कातळ, दोन हात लांब, दाराचा खुंट फिरून फिरून एका बाजूला वाटीएवढी खळगी पडलेली. तिनं गाळ पुसला, तळ्याच्या पाण्यानं धुतला, हळदीकुंकू लावलं. साहेब परवा येणार होते. ती त्या दगडाला हात लावून बसली आणि मला म्हणाली, "लेकीला काय तरी दावाया झालं गं."

दुसऱ्या दिवशी विट्याचा बाजार. आक्का हरभरा घेऊन बाजाराला गेली. वस्तीतली बाकी माणसं खळ्यावर. भर दुपारी नवरा मला म्हणाला, चल. हातात दोरखंड आणि खांद्यावर वासा. मला वाटलं, काही लाकूडफाटा आणायचा असेल. गाळात उतरल्यावर मला कळलं. मी थांबले. म्हटलं, "आवं, ह्यो आक्काचा हाय."

तो म्हणाला, "ठावं हाय मला. तू वासा धर."

मी धरला.

इथं मी कारणं सांगू शकते. मी वीस-एकवीस वर्षांची होते, मला तिसरा महिना होता, तो रागीट होता, त्यानं एकदा माझ्या हाताचं बोट मोडलं होतं. सगळं खरं आहे. पण त्या दुपारी त्यानं हात उगारला नव्हता, आवाजसुद्धा चढवला नव्हता. नुसतं धर म्हणाला आणि मी धरला. पहारीनं दगड सैल केला, दोरखंडात बांधला, वासा घातला. एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. मध्ये दोनदा टेकवला. गोठ्यात नेऊन पालथा टाकला आणि वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. परत जाऊन त्यानं खड्डा गाळानं बुजवला आणि वरून हात फिरवून सारखा केला. संध्याकाळी आक्का बाजारातून आली. माझ्यासाठी तिनं चुरमुरे आणले होते. मी ते खाल्ले.

सकाळी साहेब आले. आक्का मोरीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरला आणि सरळ रेषेत चालत जाऊन नेमक्या जागेवर थांबली. तिथं नुसता गाळ. तिनं पायानं उकरलं, मग हातानं उकरलं. उठली. साहेबांना म्हणाली, "परवा हितं हुता. मी हळदीकुकू लावलंय त्याला." गडी एकमेकांकडं बघून हसले. कोणी म्हणालं, वैनीचं डोस्कं धन्यामागं ठिकाणावर न्हाई.

साहेबांनी विचारलं, "आणखी कोणी पाहिलाय का दगड?"

आक्का म्हणाली, "हिनं बगितलाय की." आणि माझ्याकडं बघितलं.

साहेब माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही पाहिला का?"

मी खाली बघितलं. गाळात माझ्या कालच्या पावलांचे ठसे होते. साहेबांना ते दिसत होते, कोणालाही दिसत होते, पण गाळात पावलं असायचीच. मी म्हटलं, "मला म्हाईत न्हाई."

एवढंच. दहा नावं लिहिली गेली. आक्का एका शब्दानं मला काही म्हणाली नाही. त्याच आठवड्यात तिनं लेकीला घेतलं, तांब्या आणि दोन लुगडी घेतली आणि माहेराची वाट धरली. भाऊ मेंढरांमागं फिरणारा, त्याच्या मेंढवाड्यावर. मी वेशीपर्यंत गेले. तिनं मागं वळून बघितलं नाही. मी मनात म्हटलं, तिला कळलेलं नाही. इतकी वर्षं मी त्याच एका गोष्टीवर जगले, की तिला कळलेलं नव्हतं.

माझ्या नवऱ्याच्या सरळ रेघांचं काय झालं तेही ऐका. पुढच्या हंगामात त्याला गाळ लवकर मोकळा करायचा होता म्हणून त्यानं बैल घातले. आक्का नव्हती, विहिरीवर बाभळीची फांदी नव्हती. सरळ रेघ नेमकी विहिरीवरून जात होती. डावीकडचा बैल पोटापर्यंत गेला, मग मानेपर्यंत. वस्तीतले सगळे गडी ओढत होते. तो बैल हंबरत गेला. माझा नवरा गाळात बसून रडला आणि मला त्याची दया आली नाही. त्यानंतर कोणाच्या रेघेत खडक आला, कोणाच्या दोन उंबरे. भांडणं लागली, डोकी फुटली, दोन घरांचं बोलणं आजही बंद आहे. सगळ्यांना आतून ठाऊक होतं की एका बाईला हे सगळं तोंडपाठ होतं. तिला बोलवायला मात्र एकजणही गेला नाही. मीही नाही.

घर नव्यानं बांधलं तेव्हा नवऱ्यानं तो दगड पुढच्या दाराला बसवला. खळगी खाली, गुळगुळीत बाजू वर. त्या उंबऱ्यावर मी दर दिवाळीला लक्ष्मीची पावलं काढली. त्या उंबऱ्यावरचं माप लवंडून माझ्या सुना घरात आल्या. नवऱ्याचं मयतही त्याच उंबऱ्यावरून गेलं. काढून टाका म्हणायची माझी छाती झाली नाही आणि तो गेल्यावरही मी म्हटलं नाही, हे विशेष. मग घाबरत होते ती कोणाला?

फलक वाचून आले आणि मी आक्काच्या लेकीला निरोप धाडला. आक्का कधीच गेली. लेकही आता पांढऱ्या केसांची, नातवंडांची धनीण. एसटीनं आली. मी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बाहेरच थांबवली आणि म्हटलं, "तुज्या पायाम्होरं तुजा दगड हाय. मी आन् तुज्या चुलत्यानं उचलला हुता." ऐंशी वर्षांच्या तोंडानं सगळं सांगितलं, वासा, कडबा, म्हाईत न्हाई.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, आईला ठावं हुतं."

मी विचारलं, "काय ठावं हुतं?"

"बाजारातनं आई लवकर आल्ती त्या दिशी. बांधावर हुबी हुती पाटी घिऊन. तुमी दोगं वासा घिऊन जाताना बगितलं तिनं. दोनदा टेकवला म्हनली."

म्हणजे साहेबांपुढं हिनं बगितलाय म्हणताना तिला सगळं माहीत होतं. दगड कुठं आहे तेही माहीत होतं. साहेबांना गोठ्यात नेलं असतं तर अकरावं नाव तिथल्या तिथं लागलं असतं. मी विचारलं, मग का नाही दाखवला?

"आई म्हनायची, तिनं सांगितलं असतं तर झालं असतं. मी दावला असता तर हिनंच फोडलं म्हनून चुलत्यानं हिचा जीव घेतला असता, आन् ही पोटुशी."

मला रडू येईल असं तिला वाटलं असावं, तिनं माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला. मला राग आला, आक्काचा आला. कोणी सांगितलं होतं तिला माझा जीव वाचवायला? मी मागितला होता का? दाखवायचा होता दगड, माझं व्हायचं ते झालं असतं. स्वतःच्या लेकीचा पट्टा सोडून मेंढरांमागं फिरायला गेली आणि माझ्या उरावर एवढा मोठा उपकार ठेवून गेली, आणि तो आहे हेसुद्धा मला साठ वर्षं कळू दिलं नाही. तिच्या आणलेल्या चुरमुऱ्यांची चव त्या क्षणी माझ्या तोंडात आली. ती घरी येण्याआधी सगळं बघून आली होती आणि तरी तिनं पुरचुंडी माझ्या हातात दिली होती.

लेकाला हाक मारली आणि म्हटलं, पहार आण. तो म्हणाला, आई, काय येड लागलंय का, घराचा उंबरा काढतंय का कोनी? मी म्हटलं, "तुज्या घराचा न्हाई त्यो." त्यानं माझा आवाज ऐकला आणि पहार आणली. दगड उपटून पालथ्याचा उताणा केला, तशी ती खळगी वर आली.

यंदा तळं तळाला गेलं होतं. दगड ट्रॅक्टरात घालून खाली नेला. मला धरून धरून मोरीवर नेलं. तिसऱ्या पायरीवर उभी राहिले. देवळाला आता नवा कळस आहे, रंगीत, पण जागा तीच. खिंडीत मोबाईलचा मनोरा उभा आहे, पण खिंड तीच. मी रेषा धरली आणि लेकाला हातानं दाखवत गेले, आणखी पुढं, डावीकडं, थांब. तिथं दगड ठेवला. नेमका तिथंच होता तो. पाच वर्षं दोरी धरलेली मी, मला म्हाईत न्हाई म्हणाले होते.

आक्काच्या लेकीनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून दगड धुतला. येताना माझ्या सुनेकडून एक भाकरी बांधून घेतली होती तिनं, कशाला ते मी विचारलं नव्हतं. आईनं तिला रीत सांगितली होती. ती दगडावर बसली, फडकं सोडलं, भाकरी काढली.

मी समोर गाळात उभी होते. तिनं भाकरी मोडली तेव्हा माझा हात आपोआप थोडा पुढं झाला. तिनं तो बघितला. मग खाली मान घालून एकेक घास करत तिनं सगळी भाकरी एकटीनं खाल्ली, हात झटकले आणि उठली. म्हणाली, "चला काकू. एसटी चुकंल माजी."